रांगेचा शेवट इथे

आवाज तपासणी

कियोशी मोमोसे यांनी आयुष्यात एकदाच आवाज चढवला होता. नगरपालिकेच्या कचरा वर्गीकरण विभागात ते उपप्रमुख. बाटल्यांच्या दिवशी झाकणासकट बाटल्या टाकणाऱ्या एका गृहस्थांना ते म्हणाले, "अहो, झाकण!" एवढंच, पण उद्गारचिन्हासकट. मग ते गृहस्थ माफी मागायला मोमोसेंच्या घरी आले. त्यावर मोमोसे उद्गारचिन्हाबद्दल माफी मागायला त्यांच्या घरी गेले. मग मोमोसेंना इतक्या लांब यावं लागलं म्हणून ते गृहस्थ माफी मागायला पुन्हा आले. शेवटी दोघांच्या बायकांनी मध्ये पडून माफ्या थांबवल्या.

तर अशा माणसाला ‘निबोशी’च्या कार्यक्रमाचं तिकीट लागलं. लागलं असंच म्हणायचं. ते विकत मिळत नाही. आधी नाव नोंदवायचं, मग सोडत निघते, आणि मग ‘या खेपेस आपली निराशा करावी लागत आहे’ असा इतका अदबशीर निरोप येतो की आपण मागितलं हीच आपली चूक वाटावी. मोमोसेंकडे असे निरोप इतके साठले होते की ते येत्या निरोपाची भाषा आधीच ओळखत. या वेळी निरोपात ‘अभिनंदन’ दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाचा आला.

निबोशी म्हणजे सुकट. रॉक बँडचं नाव सुकट का, हे विचारायच्या वयात मोमोसेंनी विचारलं नाही आणि नंतर विचारणं बरं दिसलं नसतं. चौघांनी तरुणपणी गिटारी जाळल्या, आता गुडघ्यांना पट्टे बांधतात. हा त्यांचा शेवटचा दौरा, आणि मोमोसेंचं तिकीट त्यातल्या नागोयाच्या कार्यक्रमाचं. यानंतर बँड बंद.

आणि मोमोसेंना फक्त एक शब्द ओरडायचा होता.

‘रिकामं घर’ नावाचं निबोशीचं एक गाणं आहे. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि गायक शिगे विचारतो, "कुणी आहे का?" त्यावर सगळा जमाव मूठ उगारून ओरडतो, "आहे!" बस. हा ‘आहे’ मोमोसे गेली कित्येक वर्षं गाडीच्या काचा वर करून, ओठातल्या ओठात म्हणत आले होते. एकदा तरी तो खऱ्या माणसांत, खऱ्या आवाजात म्हणायचा. नागोयाला म्हटला नाही तर पुढे कुठेच नाही.

सराव न्हाणीघरात सुरू झाला. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या किताओजीबाई शलगमाचं लोणचं घेऊन आल्या. "काय खणखणीत आवाज आहे हो मोमोसे-सान तुमचा! आम्हाला घरबसल्या नाटकाला गेल्यासारखं वाटलं."

मोमोसे लाजले. दार लागल्यावर बायकोला म्हणाले, "बघितलंस चिझुए? रसिक बाई आहे."

"अहो, माहेर क्योतोचं आहे त्यांचं!" चिझुए म्हणाली. "क्योतोची बाई आवाजाचं कौतुक करायला लागली म्हणजे पोलिसांत जायचं तेवढं बाकी राहिलेलं असतं. जा, मिठाई घेऊन या आणि माफी मागून या."

मग सराव गाद्यांच्या कपाटात गेला. तिथून आवाज बाहेर येत नसे, पण शेवटी मोमोसेही येईनात. सरकतं दार अडकलं होतं. चिझुएने ते लाथेने उघडलं आणि गाडीची किल्ली हातात दिली. "नदीवर जा. तिथे काय वाट्टेल ते व्हा."

मेतोबा नदीच्या काठी गाडी लावून, काचा बंद करून, डोळे मिटून मोमोसे ‘कुणी आहे का?’ची वाट पाहत होते. संशय आलेल्या एका हवालदाराने काचेवर टकटक केली आणि वाकून म्हणाला, "कुणी आहे का?"

"आहे!!" मोमोसे मूठ उगारून ओरडले.

हवालदार मागे सरकला तो थेट नगरपालिकेच्या फुलांच्या वाफ्यात. पुढचा अर्धा तास दोघांनी एकमेकांची माफी मागितली, आणि मोमोसेंनी खात्याच्या वतीने वाफ्याचीही मागितली. पण घरी येताना ते शीळ घालत होते. शब्द तयार होता.

तालीम

आता अर्ध्या दिवसाची रजा. चोपन्न वर्षांच्या माणसाने, ज्याने सासऱ्यांच्या अंत्यविधीलाही दुपारनंतरचीच रजा घेतली, त्याने साहेबांच्या टेबलाशी जाऊन म्हणायचं, "मला सुकट ऐकायला जायचंय"?

"हायामीसाहेब," मोमोसे म्हणाले, "शुक्रवारी जरा नागोयाला जाऊन यायचं होतं."

"नागोयाला?"

"हो. एकट्यालाच."

हायामीसाहेबांनी चष्मा काढला. नागोयाला मोठमोठी इस्पितळं आहेत. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. या विभागात कुणी कुणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याला उत्तर देण्याच्या संकटात ढकलणं. साहेब फक्त म्हणाले, "हवं तर सोमवारही घ्या." आणि खिडकीकडे वळले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या विभागाला कळलं होतं. काय कळलं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोमोसेंच्या वाटणीची अवघड कामं आपोआप नाहीशी व्हायला लागली. कुणी तरी टेबलावर जपानी नासपती ठेवली. जेवणाच्या सुट्टीत ते खोलीत शिरले की पाच-सहा जण पटकन काहीतरी टेबलाखाली सारत. मोमोसेंनीही विचारलं नाही. गुरुवारी ते टेबलाखालचं काहीतरी वर आलं: हजार कागदी बगळे, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून दोऱ्यात ओवलेले. वर्गीकरण विभाग असल्यामुळे रंगांप्रमाणे वेगवेगळे.

"अहो, सांगून टाका ना!" चिझुए घरी म्हणाली. "‘मला काही झालेलं नाही’ एवढं म्हणायला काय जातं?"

"अगं, हजार बगळे झाल्यावर कसं म्हणू? पहिल्या बगळ्यालाच म्हणायला हवं होतं."

"मग आता आजारी पडा. बिचाऱ्यांचे कागद वाया जायला नकोत."

शुक्रवारी दुपारी फलाटावर हायामीसाहेब स्वतः निरोप द्यायला हजर. बगळ्यांचा झुपका त्यांच्याच हातात. मोमोसे तो ऑफिसात ‘विसरले’ होते. मोमोसेंच्या कोटाखाली काळा शर्ट, त्यावर माशाचा पांढरा सांगाडा. गाडी लागली. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून त्यांनी सगळा धीर गोळा केला.

"साहेब, खरं सांगायचं तर मी गाणी ऐकायला चाललोय. मला काहीही झालेलं नाही."

साहेबांचे डोळे भरून आले. "असंच," ते म्हणाले. "अगदी असंच मन ठेवायचं, मोमोसे-सान."

सत्य सांगून झालं होतं. त्याचा उपयोग झाला नाही, हा सत्याचा दोष.

दारं उघडण्यापूर्वी

सभागृहाबाहेर रांग होती. मोमोसे तिच्यात उभे राहिले.

इथे कथेला क्षणभर थांबवून एवढंच सांगायला हवं की रांग दिसल्यावर तिच्यात उभं राहणं ही मोमोसेंची चूक नव्हती. तो संस्कार होता. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी आहे, आणि इतक्या लोकांनी विचार केलाय म्हणजे आपण करायला नको.

त्यांच्या पुढे जांभळ्या केसांची, त्यांच्याहून थोडी मोठी बाई होती. तिच्या हातात लांब काठीवर फलक: ‘रांगेचा शेवट इथे’. रीत अशी की जो शेवटी येतो तो फलक धरतो आणि त्याच्यामागे कुणी आलं की त्याच्या हाती देतो. बाईने वाकून, दोन्ही हातांनी फलक दिला. मोमोसेंनी वाकून, दोन्ही हातांनी घेतला. बगळ्यांचा झुपका त्यांनी स्टेशनवरून आल्याआल्या कोटासकट सभागृहाच्या सामानघरात ठेवला होता, म्हणून हात मोकळे होते. हे दुर्दैव पुढे कळलं.

"पहिलीच वेळ?" बाईने विचारलं.

"इतकं दिसतं का?"

"शर्टाची घडी मोडलेली नाही तुमच्या. मी कुरे. दातांची डॉक्टर. आज सगळ्या रुग्णांना सांगून आलेय की माझीच दाढ दुखतेय."

मोमोसेंना एकदम बरं वाटलं. ते बोलू लागले, रांग पुढे सरकू लागली. मागे कुणीच आलं नाही. मोमोसे अधूनमधून मागे वळून आशेने बघत. मग पुढून एक तरुण कर्णा घेऊन आला: बँडच्या छापाचे टॉवेल संपले, शर्ट संपले, माफ करा, दुकान बंद. तेव्हा मोमोसेंना कळलं की रांग दुकानाची होती. लोकांनी हळहळत माना तुकवल्या आणि पाणी आटावं तशी रांग आटली. कुरेबाई "आत भेटू" म्हणून गेल्या. कर्णेवालाही गेला.

उरले मोमोसे, आणि फलक.

आता ते एकटेच रांगेचं डोकं होते आणि शेपूटही. लांबून प्रवेशाचे क्रमांक पुकारले जात होते. मोमोसेंचा क्रमांक यायला थोडाच अवकाश होता.

दुकानाच्या पडद्याशी:
"हा फलक..."
"आम्ही फक्त विकतो हो, काका. रांगा दुसऱ्या कंपनीकडे आहेत."
"ती कंपनी कुठे आहे?"
"रांग संपली की जाते."

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी:
"हे जमा करायचं होतं."
"कुठे सापडलं?"
"सापडलं नाही. मला दिलं."
"मग हे हरवलेलं नाही. तुमच्याच हातात आहे की!"

सामानघराशी:
"वस्तू तुमची आहे का?"
"नाही."
"मग ठेवता येणार नाही. आणि तुमचा एक कप्पा आधीच भरलाय." मुलीने आत डोकावून आवाज खाली आणला. "घरात कुणी आजारी आहे का हो?"

"नाही, ते मीच," मोमोसे म्हणाले, कारण यापेक्षा लहान उत्तर नव्हतं. मुलीने त्यांना फुकट पाण्याची बाटली दिली.

त्यांचा क्रमांक पुकारला गेला. मग पुढचे. मोमोसेंनी आयुष्यातलं सर्वांत बेजबाबदार कृत्य करायचं ठरवलं: फलक भिंतीला टेकवला आणि मागे न बघता चालायला लागले. दहा पावलांवर राहवलं नाही. वळून पाहिलं तर फलकामागे, अगदी बरोबर अंतर ठेवून, दोन मुली रांगेत उभ्या राहिल्या होत्या. तिसरा एक गृहस्थ लांबून येत होता.

ते धावत परत आले. "माफ करा, ही रांग नाही. ही भिंत आहे."

"हो का?" मुली म्हणाल्या. "माफ करा!" आणि वाकून पळाल्या, जाताना भिंतीलाही किंचित वाकल्या असाव्यात. फलक त्यांच्या हाती द्यायचा राहूनच गेला. नसलेल्या रांगेचा शेवट कुणाच्या गळ्यात मारणं मोमोसेंना तसंही जमलं नसतं.

आतून ढोलाचे ठोके ऐकू आले.

गाणं पहिलं

गाणं दुसरं

गाणं तिसरं

(ही तिन्ही गाणी झाली तेव्हा मोमोसे बाहेर होते, त्यामुळे ती या कथेत नाहीत. तिसरं फार सुंदर झालं म्हणतात.)

गाणं चौथं

शेवटी ते फलकासकट दाराशी गेले. निषिद्ध वस्तूंची पाटी दाराशीच होती: छत्र्या, फटाके, प्राणी, काचेच्या बाटल्या, कॅमेऱ्याच्या काठ्या. फलक तिच्यात नव्हता. मोमोसे खिशातून फोन काढून तिकीट दाखवणार, इतक्यात दारावरचा माणूस फलक पाहून ताठ उभा राहिला आणि वाकला.

"दमलात ना? बाजूच्या दाराने जा. कर्मचाऱ्यांचं तिकडून आहे."

"माझ्याकडे तिकीट आहे."

"असू दे हो, असू दे!"

"सोडतीत लागलेलं आहे!"

"काय हे, आपल्याच माणसाने तिकीट काढायचं?" असं म्हणत त्याने त्यांना प्रेमाने बाजूच्या दारातून आत ढकललं. इतक्या वर्षांच्या निराशेनंतर लागलेलं ते तिकीट कुणी पाहिलंसुद्धा नाही. फोनमध्ये ते अजून कोरं आहे.

आत अंधार, गर्दी, घामाचा वास आणि छातीत घुसणारा आवाज. मोमोसे सगळ्यात मागे उभे राहिले. फलक आडवा धरला तर दोघांच्या पाठीत जात होता, म्हणून उभा धरला. लांबवर, बोटाएवढा, शिगे. गुडघ्याला पट्टा. मोमोसेंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि ‘रिकामं घर’ सुरू झालं.

आता इथे एक गोष्ट घडत होती जी मोमोसेंना दिसत नव्हती, कारण ती त्यांच्या पाठीमागे घडत होती. उशिरा आलेले लोक अंधारात एकच गोष्ट वाचू शकत होते. ती वाचून ते थांबत होते. अंतर ठेवून, एकामागे एक.

गाणं चढत गेलं. मोमोसेंनी फलक डाव्या हातात घेतला, उजवी मूठ वळली, श्वास भरला. न्हाणीघर, कपाट, नदी, सगळं या श्वासात होतं. वाद्यं थांबली. शिगेने माइक तोंडाशी नेला.

"कुणी आहे का?"

त्याच क्षणी मोमोसेंच्या खांद्यावर हळूच बोट टेकलं. "माफ करा," मागून अदबीने विचारणा झाली, "ही रांग स्वच्छतागृहाची का?"

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं हे मोमोसेंच्या रक्तात नव्हतं. ते वळले. दोन हजार माणसं एका तोंडाने ओरडली, "आहे!" आणि त्यानंतरच्या त्या प्रसिद्ध शांततेत, जिथे फक्त एक झांज वाजते, सभागृहाच्या मागच्या टोकाकडून अगदी स्वच्छ, सभ्य आवाज आला:

"नाही."

झांज वाजलीच नाही. वाजवणारा हसत होता.

गप्पा

शिगेने हात वर करून सगळं थांबवलं.

"कोण म्हणालं ‘नाही’?"

दोन हजार डोकी मागे वळली. दिवेवाल्याने झोत फिरवला. झोतात एक चष्मा, एक माशाचा सांगाडा, एक फलक. आणि त्याच्यामागे शिस्तीत उभी असलेली पंधराएक माणसं.

"आणि ती रांग कसली आहे?" शिगे म्हणाला.

रांगेतल्या शेवटच्या माणसाने पुढच्याकडे पाहिलं, त्याने त्याच्या पुढच्याकडे. असं करत करत सगळ्यांची नजर मोमोसेंच्या पाठीवर येऊन टेकली.

आता वाकायचं. खोल वाकायचं, माफी मागायची आणि अंधारात विरघळून जायचं. कंबर त्या तयारीत पुढे झुकलीसुद्धा. पण छातीत तो भरलेला श्वास अजून तसाच होता. तो वापरलाच गेला नव्हता. आणि त्याला बाहेर यायला दुसरी वाट नव्हती.

"माहीत नाही!!" मोमोसे ओरडले.

खांबामागच्या पेयवाल्याच्या हातातला पेला हलला.

"मी रांग बघितली आणि उभा राहिलो! कसली ते विचारलं नाही! मग रांग संपली आणि मी उरलो! फलक कुणीच घेत नाही! मी तीन गाणी बाहेर होतो!" श्वास अजून संपत नव्हता. "मला काहीही झालेलं नाही!"

सभागृह हसून फुटलं. हसणं त्यांच्यावर होतं, हे मोमोसेंना कळत होतं, पण आश्चर्य म्हणजे त्यांना माफी मागावीशी वाटत नव्हती. पुढून कुरेबाईंचा आवाज आला, "अहो, तो फलक मी दिलाय त्यांना! माझीच चूक!" आणि सगळे पुन्हा हसले.

"मागच्यांना तरी ठाऊक आहे का कसली रांग ते?" शिगेने विचारलं.

पंधरा माना नकारार्थी हलल्या.

"मग उभे काय राहिलात? रांग आहे तर पुढे सरकायला नको?"

गर्दी दुभंगली. मोमोसे फलक उंच धरून चालू लागले आणि मागे ती सगळी माणसं, एकेरी, अंतर ठेवून, मध्येच कुणी "आधी तुम्ही" म्हणत. लोक टाळ्या वाजवून ठेका धरत होते. रांग थेट मंचापाशी येऊन थांबली.

शिगे उकिडवा बसला. गुडघा कडकन वाजला, तो माइकमधून सगळ्यांनी ऐकला. "आजोबा," तो म्हणाला. मोमोसेंना हे लागलं, कारण शिगे त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. "हा फलक कुणाला द्यायचा असतो?"

"आपल्या मागून येईल त्याला."

शिगेने मान वळवून आपल्या तिघांकडे पाहिलं. ढोलवाला टॉवेलने तोंड पुसत होता. जरा जास्तच वेळ पुसत होता. पाहता पाहता हसणं विरलं.

"आमच्या मागून आता कुणी यायचं नाहीये," शिगे म्हणाला. "द्या इकडे."

त्याने दोन्ही हात पुढे केले आणि वाकला. मोमोसेही वाकले, दोन्ही हातांनी फलक दिला. देताना काठी क्षणभर दोघांच्या हातात होती आणि दोघांपैकी कुणीच सोडत नव्हतं. मग मोमोसेंनी सोडली. शिगेने ती माइकच्या दांड्याला आपल्या गळ्यातल्या रुमालाने बांधली, फलकाचं तोंड लोकांकडे केलं आणि ढोलवाल्याला म्हणाला, "रिकामं घर. पहिल्यापासून."

ढोलाच्या काठ्या एकमेकींवर तीनदा वाजल्या. दोन हजार मुठी वर गेल्या. मोमोसेंचे दोन्ही हात मोकळे झाले होते, आणि आता त्यांचं करायचं काय, हे त्यांना अजिबात सुचेना. ते त्यांनी आधी खिशात घातले, मग बाहेर काढले, मग सवयीने जोडले. शेजारून एक जांभळं डोकं पुढे आलं आणि कुरेबाईंनी काही न विचारता त्यातला एक हात धरून वर केला.